पत्ता सापडला नाही

संध्याताईंनी तोच मेल अकराव्यांदा पाठवला आणि खुर्चीतून न उठता सुगतला फोन लावला.

"नाही गं आला, ताई. सर्व्हरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल."

पुण्यात प्राध्यापक झाल्यापासून धाकट्या भावाच्या तोंडातून वऱ्हाडी हद्दपार झाली होती, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण दीड महिना एक मेल पोचू नये, हे काही केल्या गळी उतरेना. पातूरजवळच्या एका खेड्यात तीस वर्षं पोस्ट सांभाळलेली बाई ती. पत्र पोचतं, नाहीतर शेरा घेऊन परत येतं. तिसरी गत त्यांना ठाऊक नव्हती.

मेलमध्ये बाबांची वही होती. छप्पन्नच्या धम्मदीक्षेच्या वेळी बाबा, म्हणजे पंजाबराव, बारा वर्षांचे. त्याआधी गावातली मेलेली ढोरं कोणाला ओढावी लागत, विहिरीपासून लांब कोण ताटकळत उभं राही, आणि नागपूरहून परतल्यावर आजोबांनी ते काम पहिल्यांदा कसं नाकारलं, हे सगळं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं. ती नव्वद पानं संध्याताईंनी एका बोटाने टाइप केली. आता फक्त प्रस्तावना राहिली होती. वहीचं पहिलं पान बाबांनी सुगतसाठी कोरं ठेवलं होतं. त्यांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती; दिसतंय तोवर पुस्तक हातात यावं, एवढीच त्यांची घाई. रोज सकाळी चहाआधी त्यांचा एकच प्रश्न असे.

कॉम्प्युटर सेंटरवाल्या नीलमने पत्ता तपासला. अक्षर न अक्षर बरोबर. फाइल जड असेल म्हणून संध्याताईंच्याच मेलवरून नुसती एक ओळ पाठवून पाहिली, तिलाही उत्तर नाही. मग तिने शक्कल लढवली. सेंटरच्या पत्त्यावरून सुगतला लिहिलं, आमच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायला अकोल्याला याल का?

चार मिनिटांत उत्तर हजर. अवश्य येईन, आपल्या मातीतल्या मुलांशी बोलायला आवडेल.

नीलमने पडदा संध्याताईंकडे वळवला.

"काकू, त्यायचा मेल तं चालू हाये. तुमचाच पत्ता ब्लॉक केला असन. पाठवणाऱ्याले तसं काही समजत नाही."

वहीचं कळलं तेव्हा सुगत म्हणाला होता खरा, आता कशाला जुनं उकरायचं, इथे लोक मग त्याच नजरेने बघतात. संध्याताईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. त्याने सरळ नाही म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या, रडल्याही असत्या, पण ऐकून घेतलं असतं. ज्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, त्याने अकरा वेळा दारात उभं केलं आणि आतूनच सांगितलं की घरात कोणी नाही. फार लागलं त्यांना ते.

घरी जाताना त्यांना पोस्टातले दिवस आठवले. रुसलेला मुलगा बापाचं पत्र हातात घेत नसे, तेव्हा नियमाने त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारावा लागे. त्यांचं मन धजत नसे. त्या 'पत्ता सापडला नाही' असं लिहीत आणि संध्याकाळी बाबांना सांगत. तेवढीच त्या म्हाताऱ्याची रात्र बरी जाईल, असं म्हणून दोघं चहा पीत.

पंजाबराव ओसरीवर वही मांडीवर घेऊनच बसले होते.

"आलं का सुगतचं?"

संध्याताईंनी चप्पल काढायला बराच वेळ लावला.

"नाही बाबा. पत्ता सापडला नाही."

हा शेरा बाबांच्या ओळखीचा, हे त्यांना बोलून गेल्यावर आठवलं. वहीचं पहिलं पान पंजाबरावांनी तळहाताने दोनतीनदा सपाट केलं. मग खिशातला पेन काढून त्या कोऱ्या पानावर ठेवला आणि वही लेकीपुढे सरकवली.

"मंग हे पान तूच लिव्ह."