बागानची वेळ

त्र्याण्णव साली केतकीसाठी एकाच आठवड्यात दोन स्थळं आली. एक भूजचं, दुसरं जोरहाटचं. तिचे वडील पद्माकर सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कुठलीही गोष्ट मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडायची नाही हा त्यांचा स्वभाव. राजाजीनगरच्या घरात त्यांनी जेवणाच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरला.

"भूज पश्चिमेच्या टोकाला. सूर्य उशिरा उगवणार, उशिरा मावळणार. खारं पाणी, रखरखाट, माणसंही तशीच. जोरहाट पूर्वेला. पहाटेच लख्ख उजाडतं. हिरवंगार गाव, कंपनीचा बंगला, नोकरचाकर. आणि गंमत म्हणजे चहाच्या मळ्यांत घड्याळं तासभर पुढं ठेवतात, उजेड वाया जाऊ नये म्हणून. याला म्हणतात शिस्त!"

"अण्णा, भूजचा मुलगा बोलायला बरा वाटला," केतकी म्हणाली.

"स्वल्प गोड बोलायला सगळ्यांनाच येतं," म्हणून अण्णांनी नकाशाची घडी घातली.

केतकीनं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सोडली आणि मळ्याच्या असिस्टंट मॅनेजरची, विद्याधरची, बायको होऊन आसामात गेली.

जोरहाट गाव अण्णांनी सांगितलं त्याहूनही चांगलं निघालं. बाजारातल्या बायका तिची भाषा न कळताही हाताला धरून बसवायच्या, पान-सुपारी पुढं करायच्या. पण गावात देशाची वेळ चालायची आणि मळ्यात मळ्याची. एकदा शिंप्याकडून ती गावच्या घड्याळाच्या हिशोबानं निघाली. बंगल्यावर पोचली तेव्हा विद्याधर जेवणाच्या टेबलाशी वाट बघत बसला होता.

"इथं बागानचा टाइम चालतो," तो म्हणाला आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

त्यानंतर निमित्ताचीही गरज उरली नाही. हिवाळ्यात दुपार सरते न सरते तोच अंधार पडायचा, विद्याधर क्लबात जायचा आणि पिऊन यायचा. केतकीनं गावातल्या बूथवरून घरी फोन केला.

"अण्णा, हे मारतात मला."

"नवी जागा आहे, बाळ. एवढ्या लवकर अंधार पडला की माणूस चिडचिडा होतो. उन्हाळ्यात फरक पडेल." मग आईनं, प्रमोदिनीनं, फोन घेतला आणि ती नुसती रडली.

उन्हाळा आला. फरक पडला नाही. केतकीनं पुन्हा फोन केला, पुन्हा तेच ऐकलं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं तिचा पुढचा दात पाडला. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून ती मळ्याच्या जीपनं जोरहाटला गेली, आणि तिथून गुवाहाटीची बस धरली.

ती राजाजीनगरला आली त्याच संध्याकाळी शेजारचे कानडी हयवदनराव कॉफीला आले. "अक्का, केव्हा आलीस?" त्यांनी मायेनं विचारलं.

तिच्याआधी अण्णाच बोलले, "तिकडची हवा मानवली नाही हो तिला. फार दमट. त्या मानानं भूज कोरडं, तिथं कदाचित..."

"हवा उत्तम होती, काका," केतकी म्हणाली. "नवरा मारायचा."

हयवदनरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "सरी, बरं, येतो मी," एवढंच पुटपुटत ते उठले.

अण्णांनी दार लावून घेतलं. "ही काय चार लोकांत बोलायची गोष्ट आहे?"

"तुम्हाला एकट्यालाच सांगितली होती, अण्णा. दोनदा."

तिला जुन्या कारखान्यात खालच्या जागेवर परत घेतलं. बोम्मसंद्र्यातच तिनं एक खोली भाड्यानं घेतली. अण्णा तिकडे कधी फिरकले नाहीत. नातेवाइकांना मात्र हवेचं कारण सांगत राहिले.

आई यायची, अधूनमधून. डब्यात थालीपीठ, लोणचं असायचं. चिकपेटला साड्या बघायला जाते असं सांगून ती घरातून निघायची आणि बसायची तेही पर्स मांडीवर ठेवून.

"आई, एकदा खरं सांगून ये ना," केतकी म्हणाली.

प्रमोदिनीनं रिकामा डबा विसळला, पदरानं पुसून पिशवीत टाकला.

"मला त्याच घरात राहायचंय, केतकी," ती म्हणाली आणि चपला घालू लागली.