चाकोरीत बसणारी गाडी

"आधी चाकं कुठी टेकतीन ते सांगा, मंग बाकीचं," लालसू म्हणाला आणि टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्याने दोन समांतर रेघा ओढल्या.

आलापल्लीच्या बसस्टँडसमोर हेमराजच्या चहाटपरीवर गेली तीन वर्षं एक जीपगाडी तयार होत होती. लोखंड नाही, पत्रा नाही, सगळं तोंडानेच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. निमित्त झालं पेपरातल्या एका बातमीचं. कुठलीशी कंपनी म्हणे डोंगरजंगलात चालणारी, चारही चाकांना जोर असलेली, कमांडर आणि जिप्सीला तोंडात बोट घालायला लावील अशी गाडी काढणार होती, आणि तीही ट्रॅक्टरच्या भावात. हेमराजने ते कात्रण टपरीच्या पत्र्याला डकवून टाकलं. चहाच्या वाफेने ते पिवळं पडलं, गाडी काही आली नाही, पण गप्पांना खंड नव्हता.

नानाजी हे या कारखान्याचे मुख्य इंजिनियर. जंगल खात्यात सागवानाचे ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या गाडीला दारं नव्हती, कारण दारं खडखडतात. काच नव्हती, कारण काच फुटते. हॉर्नसुद्धा नव्हता.

"जंगलात हॉर्न कोनाले मारतं? अस्वलाले?" ते विचारत.

हेमराजला सायकलही धड येत नव्हती, पण मत सगळ्यात जोरात त्याचंच. त्याला मागच्या बाजूला शेगडी ठेवण्यापुरती जागा हवी होती. म्हणजे बाजाराच्या दिवशी टपरीच गाडीवर टाकून नेता येईल. लालसूची मागणी मात्र एकच होती आणि ती तीन वर्षांत बदलली नव्हती.

"चाकं बंडीच्या चाकोरीत बसली पायजेत. बस."

"अरे बावा, कंपनी का तुह्या गावची चाकोरी मोजाले येईन?" नानाजी हसून म्हणाले.

"आली तं बिघडलं काय? मी दाखोतो ना नेऊन."

सगळे हसले. लालसूही हसला, पण त्याने पाण्याच्या रेघा पुसल्या नाहीत.

लालसूचं गाव इरपनार, भामरागडच्या सडकेपासून चार कोस आत. सडक म्हणजे डांबर, आणि आत म्हणजे बैलबंड्यांनी पाडलेली वाट. आजे-पणजे ज्या दोन चाकोऱ्यांतून गेले त्याच गुडघ्याएवढ्या खोल गेलेल्या, आणि मधे कासवाच्या पाठीसारखा उंचवटा. लालसूकडे जीप होती. खात्याच्या लिलावात घेतलेली, रंग उडालेली, पण इंजिन ठणठणीत. बायको-पोरांसह आलापल्लीत राहून सडकेवर तो सवाऱ्या मारायचा. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर मोहाची पोती आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. पण गावच्या वाटेला वळलं की याच जीपची अब्रू जायची. बंडीच्या दोन चाकांमधलं अंतर जीपपेक्षा वीतभर जास्त. एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं उंचवट्यावर चढायचं. गाडी दारू प्यालेल्या माणसासारखी एका अंगाने कलंडत जायची, आणि चाकोरी खोल झाली की पोट टेकून बसायची. एका उन्हाळ्यात सरकारी कामावर मजूर लावून वाट सपाट केली होती. पावसाळा लागला, बंड्या चिखलातून गेल्या, आणि जुनी चाकोरी जुन्या जागी हजर. बंड्यांशिवाय गावाचं चालत नाही आणि बंड्या आपली वाट सोडत नाहीत. घोडं पेंड खात होतं ते इथे.

हे सगळं नुसतं गप्पांचं असतं तर लालसूनेही नानाजींसारखी गंमत केली असती. पण त्याचा बाप त्या वाटेवर गेला होता. तापाने फणफणलेल्या बापाला गावकऱ्यांनी बंडीत घातलं आणि सकाळीच सडकेकडे निघाले. लालसूला निरोप मिळाला तसा तो जीप घेऊन फाट्यावर येऊन उभा राहिला. पावसाचे दिवस, गाडी आत घातली तर रुतलीच असती. दवाखाना तिथून तासाभरावर. दिवसभर तो त्या वाटेकडे बघत उभा होता. बंडी दिसली तेव्हा सूर्य बुडत होता, आणि बाप थंड झाला होता. बंडीमागे त्याची आई सोमारी चालत होती. ती रडली नाही. तिने एकदा जीपकडे पाहिलं आणि एकदा मागे वाटेकडे.

"यायो," लालसू म्हणाला. गोंडीत आईला तो तसंच हाक मारायचा. "यायो, मी गाडी आपल्या घरापुढं आनीन."

त्याच हिवाळ्यात ती बातमी आली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा लालसूने तो कागद धरला.

मधे एकदा, दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, त्याने जिद्दीने जुनीच जीप पार गावापर्यंत न्यायची म्हणून आत घातलीही. गाव कोसभर राहिलं असताना ती उंचवट्यावर बसली ती बसलीच. शेवटी गावातून बैल आणले, दोरखंड बांधला, चार जोड्या लावल्या. गावची पोरंटोरं, बायाबाप्ये, सगळे बघायला. लालसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गडबडीत सोमारी एक बांबूची कमटी घेऊन जीपच्या पुढे वाकली होती. या चाकापासून त्या चाकापर्यंत कमटी धरून, नखाने खूण करून, दातांनी तोडत होती.

"यायो, बाजूला हो. चाक अंगावर येईन," लालसू ओरडला. म्हातारी मुकाट्याने बाजूला झाली. कमटी मात्र तिने कासोट्याला खोचली. ओली बांबूची काडी दिसली की ती उचलायची, तिला टोपल्या विणायचा नाद होता, म्हणून लालसूने ते मनावरही घेतलं नाही.

आणि मग यंदा, दिवाळी झाल्यावर, नानाजी पेपर नाचवत आले. गाडी आली होती. चंद्रपूरच्या शोरूममध्ये उभी होती.

लालसूने दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरली. खिशात सुतळी होती. सुतळीला दोन गाठी. गावच्या एका चाकोरीपासून दुसऱ्या चाकोरीपर्यंतचं माप त्याने कधीचं घेऊन ठेवलं होतं. काचेच्या दाराआड गाडी चकाकत होती. लाल रंग, रुंद छाती, बसायच्या आधी पाय पुसावेत अशा गाद्या. लालसू चपला बाहेर काढून आत गेला. टाय लावलेला एक पोरगेलासा माणूस पुढे आला.

"भाऊ, काय पाहिजे?"

"चाकं मोजू का?"

त्या माणसाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, पँट सावरत तो उकिडवा बसला आणि सुतळीचं दुसरं टोक त्याने स्वतः धरलं. गाठ टायरच्या आतच राहिली. नवी गाडी चाकोरीपेक्षा चार बोटं रुंद होती. जुनी वीतभर अरुंद, ही चार बोटं रुंद. आता बोला.

"कुठं चालवायची आहे?" त्याने विचारलं. लालसूने सांगितलं. सगळंच सांगितलं, बापाचंही. तो माणूस ऐकत राहिला.

"मी बी सावली तालुक्यातला हाओ भाऊ," तो हळूच म्हणाला. त्याची बोली तेवढ्यापुरती घरी परतली. "बंडी मले ठाऊक हाय. पन कंपनी डांबर पाहून गाडी काढते."

किंमत लालसूने विचारली ती नुसती रीत म्हणून. ट्रॅक्टरच्या भावाची गोष्ट पेपरातच राहिली होती.

परतीच्या एसटीत त्याने सुतळीच्या गाठी सोडून टाकल्या. आलापल्ली येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. जीप विकायची. चंद्रपूरला खाणीवर डंपरचे ड्रायव्हर हवे होते, बायको दीपिका पोरांच्या शाळेसाठी कधीची मागे लागली होती. आईलाही तिकडेच न्यायचं. घरापुढे गाडी येत नाही तर घरच गाडीपाशी न्यायचं, दुसरं काय.

"जीपले गिऱ्हाईक पाहून ठेवजो. मायले घेऊन चंद्रपूरले चाललो," त्याने हेमराजला सांगितलं.

हेमराजने चहा पुढे केला आणि पहिल्यांदाच काही मत दिलं नाही. नानाजी पत्र्यावरच्या कात्रणाकडे पाहत बसले होते.

"मायले न्याची तं गाडी फाट्यावर ठेवून जाय. किती दिवस आशा धरून बसशीन," ते म्हणाले.

पण आईचं सामान होतं. तिची भांडी, कोंबड्या, टोपल्या. जेवढी जाईल तेवढी तरी गाडी आत घालावी, पुढे डोक्यावर आणू, असा विचार करून लालसूने सकाळी फाट्यावर जीप वळवली. पावसाळ्याआधीपासून तो गावाकडे फिरकलाच नव्हता. मोहाच्या जोडझाडांपाशी चाकोरी खोल व्हायची. तिथे गाडी नेहमी डावीकडे कलायची. सवयीने त्याने अंग उजवीकडे टाकलं, स्टेअरिंग घट्ट धरलं.

गाडी कलली नाही.

दोन्ही चाकं एकदम खाली उतरली, आणि जीप पाळण्यासारखी सरळ चालू लागली. लालसूला वाटलं, आपलंच काही चुकलं. तो थांबला. खाली उतरला. चाकोऱ्या तर होत्या, वाळून पक्क्या झालेल्या, बंडीच्या लोखंडी धावेने कापलेल्या. पण जुन्या नव्हत्या. त्यातली एक वीतभर आत सरकली होती. जुनी खाच दगडमातीने भरून टाकलेली, तिच्यात गवतही उगवलेलं. मधला उंचवटा फावड्याने तासलेला. लालसू वाटेत उकिडवा बसला. बोटांनी त्याने चाकोरीची कड चाचपली. त्याला काही म्हणता काही कळेना.

तो पुढे निघाला. जिथे बैल लावून जीप ओढली होती ती जागा मागे गेली, तेव्हा त्याने मान बाहेर काढून चाकं पाहिली. एवढ्या आत त्याची गाडी स्वतःच्या पायांवर कधी आली नव्हती.

पुढे एक बंडी चालली होती. शेतातून धानाचे भारे गावाकडे नेत होती. बंडी कशी तरीच दिसत होती, अंग चोरून बसलेल्या माणसासारखी. आणि भारे निम्म्यानेच रचलेले. हाकणारा होता कोलू, गावातल्या बंड्या बनवणारा आणि दुरुस्त करणारा. इंजिनचा आवाज ऐकून त्याने बैल थांबवले आणि वळून बघितलं.

"आला का रे?" असं तो म्हणाला, जणू लालसू रोजच गाडी घेऊन येतो.

"कोलूदादा, हे काय झालं?"

"काय होईन? तुह्या मायनं कमटी आनून देली. म्हने, दोन चाकांमधला आख कापून एवढाच ठेवा. आतापासून सगळ्या बंड्या याच मापाच्या." कोलूने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. गोंडीतच बोलणं चाललं होतं ते, पण कोलूचा सूर आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातला होता. "मी म्हटलं, बाई, आख कापला तं बंडी उलटन, भारा उंच रचता येनार नाई. सभेत बी लोक तेच म्हनले. वर्षभराचं धान काय डोक्यावर आनाचं?"

"मंग?"

"मंग ती उठली. म्हने, माह्या मानसाले सडक गाठाले दिवस लागला. तुमाले भारा मोठा का मानूस?" कोलूने कासरा दुसऱ्या हातात घेतला. "कोन काय बोलन त्याच्यावर? होत्यानव्हत्या सगळ्या बंड्या मी कापल्या. पावसाळ्यात चिखलात रिकाम्या बंड्या फिरवल्या, चाकोरी पडासाठी. म्हातारी रोज माती टाकाले येत होती."

"कुठी हाय ती?"

कोलूने मागे बोट दाखवलं. शेताच्या बांधावरून पाच-सहा बाया येत होत्या. अरुंद बंडीत जे मावलं नव्हतं ते त्यांच्या डोक्यावर होतं. सगळ्यात मागे सोमारी, धानाचा भारा घेऊन, मान ताठ, पावलं सावकाश. जीप दिसली तशी ती थांबली. भारा खाली ठेवला नाही. तशीच उभी राहून तिने आधी पुढची चाकं पाहिली, मग मागची.

"बसली," ती म्हणाली.

लालसूने तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला. एवढं रडू त्याला बाप गेला तेव्हाही आलं नव्हतं.

"यायो, मले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? पावसाळा झाल्याबगर चाकोरी पडली का नाई, समजत नाई. आन् तू तं कंपनीची वाट पाहून राह्यला होता." म्हातारीने पदराने मानेवरचं कुसळ झटकलं. "आली का मंग कंपनीची गाडी?"

"आली. आपल्या कामाची नाई."

"मंग हेच चालव. हेच्याच मापाचं केलं आता सगळं. दुसरी आनशीन तं कोलू मारन मले."

बायांमध्ये हशा पिकला. कोलूही हसला. सोमारीने मात्र लालसूच्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं.

"मले न्याले आला होता का?"

"हो. आलो होतो."

"आन् आता?"

लालसूने बायांच्या डोक्यावरचे भारे एकेक करून उतरवले, टपावर रचले, बॉनेटवर रचले, समोरचं दिसण्यापुरती जागा ठेवली. बाया मागे चढल्या. सोमारीला त्याने पुढच्या सीटवर बसवलं. नानाजींच्या गाडीसारखंच या बाजूला दार नव्हतं, ते कधीच तुटलं होतं. म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसत होती. तिने पाय जुळवून घेतले आणि हात मांडीवर ठेवले.

"आता घरी पोचवतो," लालसू म्हणाला.

कोलूने बंडी बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर चढवून वाट दिली. जीप निघाली. टपावरच्या धानाचा ओलसर वास आत येत होता. गावाची कौलं दिसू लागली तशी कुत्री भुंकत धावली. लालसूने एकदा आईकडे पाहिलं. ती समोर वाटेकडे बघत होती, त्या दिवशी फाट्यावर बघितलं होतं तशीच, फक्त आता वाट पुढे होती.

लालसूने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि तिच्यासारखे मांडीवर ठेवले. गाडी चाकोरीतून आपली सरळ घराकडे चालत राहिली.