गोदामातला सत्कार

“मानवजातीच्या सर्वांत क्रूर शत्रूला ज्यांनी धूळ चारली, त्या प्लेगविजयिनी डॉक्टर निवेदिता आज आपल्या मुरुमच्या मातीत उभ्या आहेत!” रणधीर माइकवर गरजला, आणि त्याच क्षणी पत्र्याखालच्या लोखंडी तुळईवरून एक मेलेला उंदीर सत्काराच्या ताटात पडला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या वाक्याला होत्या की उंदराला, हे सांगणं अवघड आहे.

सत्कार महांतप्पांच्या आडतीच्या गोदामात ठेवला होता. एवढी सावली गावात दुसरीकडं नाही. भोवती तुरीची पोती, मधे खुर्च्या. निवेदिताबाई इथल्याच, मास्तरांची मुलगी. पुण्याच्या प्रयोगशाळेत सारी हयात प्लेगच्या जंतूंवर काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. एवढ्या वर्षांत प्लेग झालेला जिवंत माणूस मात्र त्यांना एकही भेटला नव्हता. कुठं आवई उठली की बाई धावत जात. तोवर साथ ओसरलेली असे, नाहीतर तो डेंग्यू निघे.

बाई ताटाकडं बघत राहिल्या. “हे कधीपासून पडतायत?”

“तुमचाच पायगुण म्हणायचा, म्याडम!” महांतप्पा खूश होते. “दोन वर्सं औषध टाकून दमलो, एक मरंना. पत्रिकेत तुमचं नाव छापलं आन् लागले की पडायला!”

“मेलेले टाकतं कोण?”

“आमचा हमाल, धुळाप्पा. शेपटीला धरतो आन् देतो भिरकावून.”

“कुठं आहे तो?”

“पोत्यामागं निजलाय. ताप हाय जरासा.”

तेवढ्यात दुसरा उंदीर भर उजेडात खुर्च्यांमधून चालत आला. पळाला नाही. झिंगल्यासारखा एकदा गोल फिरला आणि माणसांच्या पायांत आडवा झाला.

बाईंनी माइक घेतला. “सगळ्यांनी आत्ता बाहेर पडा. हा प्लेग असू शकतो.”

पुन्हा टाळ्या. रणधीर भारावला. “मॅडमनी थेट विषयालाच हात घातला!”

“भाषण नाही हे! उंदीर मेला की पिसवा त्याचं थंड अंग सोडतात आणि गरम अंग शोधतात.”

“मग महांतप्पाकडं जातील,” मागून कुणीतरी म्हणालं. “ते लई लवकर तापतेत.”

पहिल्या रांगेतल्या कस्तुराबाईंनी हसून घेतलं आणि समजूत घातली, “बस गं बाई, बाहेर लई ऊन हाय. अजून नारळ द्यायचाय तुला.”

कुणी उठेना. बाईंनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. “जेवण बाहेर वाढलंय,” त्या म्हणाल्या.

गोदाम रिकामं झालं. एवढ्या वर्षांच्या शास्त्राला जे जमलं नव्हतं ते शिऱ्यानं केलं.

नाकातोंडाला रुमाल बांधून बाई पोत्यांमागं गेल्या. धुळाप्पा घोंगडीत कुडकुडत होता.

“कुठं दुखतंय?”

“जांघंत अवधाण आलंय, बाई. ठेच लागली व्हती, त्यानं आलं आसंल.”

बाईंनी बघितलं. अंड्याएवढी गाठ, वरची कातडी तुकतुकीत. ही गाठ त्यांनी आयुष्यभर फोटोत पाहिली होती, विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवली होती. या खेपेला त्या वेळेत पोचल्या होत्या.

“कुणाकुणाच्या शेजारी निजतोस रं?”

“माझी शिवकन्या असती कुशीला. कालधरनं तीबी गपगप हाय.”

बाईंनी बोलावलेली रुग्णवाहिका आली. धुळाप्पाला घातलं, त्याच्या पोरीला घरून उचलून आणलं. तिची मान बापाच्या खांद्यावर नीट राहत नव्हती. बाईंनी जिल्ह्याला फोन लावून प्लेगवरच्या गोळ्या मागवल्या, गोदामाला स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून दारापुढं उभ्या राहिल्या. गोळ्या येईपर्यंत गावातून कुणीही हलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांचा आवाज इतका हळू होता, की या वेळी सगळ्यांना ऐकू गेला.

आम्ही रिकाम्या पत्रावळ्यांसमोर मांड्या घालून बसलो होतो. शिरा अजून शिजतच होता. रुग्णवाहिका उमरग्याच्या दवाखान्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली. कस्तुराबाई पोटरी खाजवत होत्या. त्यांच्याकडं बघून शेजारची खाजवू लागली, मग तिच्या शेजारची.

रणधीर उठला. अदबीनं बाईंजवळ गेला, घसा खाकरला.

“मॅडम, आभारप्रदर्शन तेवढं राहिलंय. माइक आतच हाय. दोन मिनिटं किल्ली देता का?”