बारा घरांच्या साड्यांची हवाई छत्री

मित्रांनो, मी एक जुनी हवाई छत्री आहे. पण विमानाशी माझा काडीचाही संबंध नाही, उगाच बढाई कशाला मारू? १९९८ साली कोडोलीच्या एका अंगणवाडीत, बारा घरांच्या जुन्या साड्यांमधून माझा जन्म झाला.

आमच्या अंगणवाडीच्या आक्काताई पेठ वडगावला शिबिराला गेल्या होत्या. तिथे मुलं एका गोल, रंगीत कापडाची कड धरून ते उडवत होती. आक्काताईंना तो खेळ फार आवडला. गावात येऊन त्यांनी घरोघरी एकेक साडी मागितली आणि स्वतःच मशीनवर मला शिवलं.

पहिल्याच दिवशी त्यांची चूक उघडी पडली. बारा मुलं आणि बारा घरांचे पट्टे! जो तो आपल्या आईच्या साडीला चिकटला. "जागा बदला रे!" म्हटलं तर एक पोर हलेना. "ह्यो आमचा हाय!" असा नुसता गिल्ला. आक्काताईंनी कपाळाला हात लावला. पण "एक, दोन, तीन, वर!" म्हटलं की सगळी मला एकदम उचलायची. मी टम्म फुगायचे आणि मुलं खिदळत माझ्याखालून पळायची. मला काय ऐट चढायची म्हणून सांगू!

निळा पट्टा सोनमचा होता. तिची आई ती साडी चौदा एप्रिलला नेसायची. पुढच्या वर्षी आई तापाने गेली. पंधरा दिवसांनी सोनमची आजी, विठाबाई, नातीला घेऊन अंगणवाडीत आली. हातात कात्री होती.

"बाई, ह्यो तुकडा माझ्या सुनंचा हाय," ती म्हणाली. "पोरीला आईची खूण ऱ्हाऊ दे. पेटीत ठिवती जपून."

पट्टा गेला की वारा तिथूनच निसटणार, मी पुन्हा फुगणार नाही. पण तिला नाही कोण म्हणणार? आक्काताईंचे डोळे भरले. "न्या काकू, तुमचाच हाय की," त्या म्हणाल्या.

विठाबाईने खाली बसून कात्री उघडली. तेवढ्यात सोनमने निळी कड दोन्ही मुठींत आवळली.

"आज्जे, नगं कापू! पेटीत आई नुसती पडून ऱ्हाईल. हितं ती वर जाती की!"

विठाबाईने कात्री बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकत ती उठली आणि नातीशेजारी उभी राहून तिनेही कड धरली.

"म्हना की बाई, एक, दोन, तीन!" ती आक्काताईंवर खेकसली. "किती येळ उभं ऱ्हायाचं?"

त्या दिवशी सगळ्या मुलांनी मिळून उचललं आणि मी छताच्या पत्र्यापर्यंत गेले. विठाबाई वर बघत हसत होती आणि रडतही होती.

मित्रांनो, पुढे आठ वर्षं मी खेळले. आता नव्या बाईंनी मला डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवलंय. काळजीनेच ठेवलंय, तक्रार नाही. पण तुमच्या शाळेत माझ्यासारखं कुणी घडीत पडलं असेल, तर बाहेर काढा. उसवलं तर चार टाके घाला. खेळून खेळून फाटले तर मला काही वाटणार नाही, पण घडीतच विरले तर फार वाईट वाटेल.