काळी पडलेली वडी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी डबा उघडला आणि गर्दीने आ वासला. काल सगळ्यांदेखत भरलेले उकडलेले सुटे सोयाबीन पांढऱ्याशुभ्र वडीत घट्ट जमले होते.

"ही मंत्राची भुकटी न्या! वडी घरी करा, पैसा वाचवा, औषधं सोडा! घरात पाप असेल तरच वडी काळी पडेल!"

माणूस कसला, चालतंबोलतं दुकान! मागच्या रांगेत विज्ञानाच्या बाई दात-ओठ खात बसल्या होत्या. त्यांच्या ताईचा नवरा वारून महिनाही झाला नव्हता. ताईच्या घरची वडी काळी पडली, महाराज म्हणाले, "घरात सुईचं पाप आहे," आणि ताईने नवऱ्याचं इन्सुलिन कचऱ्यात टाकलं. आता ती एकच घोकत होती, "माझीच श्रद्धा कमी पडली गं."

बाई भुकटी घेऊन तडक ताईकडे गेल्या. दोघींनी सोयाबीन उकडले, सोलले, कोरडे केले, भुकटी चोळून दोन डब्यांत भरले. एकावर ताईने मंत्र म्हटला. दुसऱ्याला बाईंनी मनसोक्त शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वड्या पांढऱ्याशुभ्र!

"ताई, ही बुरशी आहे, भुकटीत तिचंच बी असतं. बुरशीने जमलेल्या अशा वडीला टेंपे म्हणतात, दुकानातही मिळतो. घरी केला तर स्वस्त पडतो हे खरं, पण महाराजांच्या भुकटीच्या भावात ती बचत गेली खड्ड्यात."

"मग काळी का पडली होती?"

बाईंनी एक डबा फ्रिजमध्ये आणि दुसरा मुद्दाम उबेत तसाच ठेवला. आणखी एक दिवस गेला आणि उबेतल्या वडीवर काळे डाग उमटले. "जास्त वेळ राहिली की बुरशी बी धरते. ते हे काळं."

ताईने डबा हातात घेतला. "त्या दिवशी यांना ताप होता. मी उशाशी बसून होते. डबा काढायचा राहूनच गेला." तिने काळ्या डागावर बोट ठेवलं. "म्हणजे पाप नव्हतंच?"

"नव्हतं गं."

"मग मी सुई का टाकली?"

ताईला पोटाशी धरून बाईही ढसाढसा रडल्या.

पुढच्या सभेत महाराज डबा उघडणार, तोच ताई व्यासपीठावर चढली. तिने दोन्ही डबे सगळ्यांसमोर धरले आणि काय केलं ते सांगितलं. महाराज ओरडले, "अश्रद्ध बाई आहे ही!" ताईने तिकडे पाहिलंही नाही.

"बुरशीला मंत्र कळत नाही, पाप कळत नाही. तिला ऊब लागते, वेळ लागतो, बस्स. वडी खुशाल करा, पोटभर खा. पण कुणी औषध सोडा म्हणालं, तर आधी 'का' म्हणून विचारा. माझा नवरा माझ्या शब्दावर सुईविना राहिला आणि गेला. मी कुणालाच काही विचारलं नव्हतं."