पाहुणीशी भांडण

नातीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. रोज लिहायला बसायचो आणि रोज कागद चुरगळून टाकायचो. बायको म्हणायची, "आयुष्यभर पुस्तकं वाचलीत आणि चार ओळी जमेनात?" वाचणाऱ्याला लिहिता येतंच असं नाही, हे मी स्वतःवरून फार पूर्वीच ओळखलं होतं.

नात माझ्या मुलीची. जावई दुसऱ्या देशातला, दुसऱ्या वंशाचा. पोरीने रंग आणि केस बापाचे घेतलेत, नाक मात्र आमच्या घरातलं, जरा मोठंच. नव्याने एकत्र आलेल्या माणसांना मिळून काम करायला शिकवणं, हा तिचा व्यवसाय. आता तिला आमच्याच शहरात नोकरी मिळाली होती. तिने लिहिलं होतं:

"आजोबा, तुमच्याकडे राहू का? पण विचार करून सांगा. माणसं एकत्र आली की आधी गोड वागतात. मग भांडतात. भांडून झालं की कुणी कसं वागायचं ते ठरतं, आणि मग कुठे गाडी रुळावर येते. आपण इतकी वर्षं नुसते गोडच वागतोय. मामाच्या मुलाला तुम्ही ताटं उचलायला लावता, मला म्हणता, तू बस गं. सगळे माझ्याशी सावकाश बोलतात, मी बहिरी असल्यासारखे. बाबांच्या घरीही तेच, फक्त भाषा वेगळी. दोन घरं आहेत आणि दोन्हीकडे मी पाहुणी. पुन्हा तसंच राहायचं माझ्यात त्राण नाही."

ह्यावर काय लिहायचं? 'घर तुझंच आहे' असं लिहिलं की ते पाहुण्याला सांगितल्यासारखंच वाटायचं. ज्याचं घर असतं त्याला कोण असं सांगतं?

परवा मुलीचा फोन आला. "बाबा, ती भाड्याची खोली बघतेय. महिनाअखेर ठरवेल. म्हणते, आजोबांना नको असेल."

"नको कशाला असेल?"

"मग ते तिला सांगा ना. मला काय सांगताय?"

फोन ठेवला आणि उगीचच दमल्यासारखं झालं. बायको भाजी निवडत होती.

"मागच्या खेपेला तिने तुमच्या जाड पुस्तकावर चहाचा कप ठेवला," ती म्हणाली. "डाग पडला. काय म्हणालात तिला?"

"असू दे म्हणालो."

"आणि नातवाने ठेवला असता तर?"

उत्तरही तिनेच दिलं.

"घर डोक्यावर घेतलं असतंत."

तो डाग अजून मला सलतो. मी कागद ओढला.

"पुस्तकावर कप ठेवलास ते मला मुळीच आवडलं नाही. पुस्तक म्हणजे बशी नव्हे. इथे राहायचं तर सकाळचा चहा तू करायचास. मी भरभर बोलणार, कळलं नाही तर विचार. आणि इतकी वर्षं गप्प तूही होतीस, सगळं खापर आमच्यावर फोडू नकोस. ती खोली घेऊ नकोस. ये."

बायकोने वाचलं.

"फार लागेल का गं तिला?"

"लागेल. मग तीही सुनावेल. ऐकून घ्यायची तयारी ठेवा."

तशी तयारी काही नव्हती. तरी चपला घातल्या. टपालपेटीपाशी वाटलं, पाकीट उघडून शेवटी एखादी मायेची ओळ घालावी. मागे एक बाई तिचं पाकीट घेऊन खोळंबली होती. "आजोबा, टाकताय ना?" ती म्हणाली.

टाकलं.