खिडकीकडची बाजू

“आता इस्त्रीचं टेबल काय माझ्या डोक्यावर ठेवायचं?”

आई नळाकडे तोंड करून पुटपुटली. हे ती नळाला म्हणाली, असं मानायला जागा होती. पण स्वयंपाकघर एवढंसं, आणि माझी भावजय खरकट्या ताटांची चळत घेऊन तिच्या अगदी पाठीशी येऊन उभी राहिलेली. तिनं ताटं ठेवली, हात पुसले आणि बाहेर गेली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उगाच डब्यांची झाकणं घट्ट करत राहिले.

ते टेबल मागच्या खोलीत असतं. माझं शिलाई मशीनही तिथेच. कपडे बेतात बसवून द्यायचं माझं काम. लोकांच्या पँटी आखूड करते, कमरेत सैल करते. आत घ्यायला येणारे कमी आणि सैल करायला येणारे जास्त, त्यामुळे धंदा बरा चालतो. भिंतीला लावून कापडाचे तागे आहेत, दाराजवळ आरसा आहे. तरी मनात आणलं तर तिथे एक पलंग मावला असता. पण ‘मावणं’ हे क्रियापद हल्ली आमच्या घरात कुणी वापरत नव्हतं.

भावजय समुद्रापलीकडची. तिच्या देशात भूकंप झाला आणि तिच्या गावातली निम्मी घरं खाली आली. तिची आई वाचली. शाळेच्या मैदानावर शेजारणींबरोबर एका तंबूत राहत होती. फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला की भावजय जिन्यात जाऊन बोलायची आणि परत येताना चेहरा धुऊनच यायची. तिकडे थंडी सुरू झाली होती.

आमच्या सरकारनं एक सोय केली होती. तिकडे ज्यांचं जवळचं माणूस आहे, त्यांना त्याला इकडे आणता येत होतं. अट एकच, घर ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः कचेरीत जाऊन सांगायचं की हे माणूस माझ्याकडे राहील. मुदत सोमवारी दुपारी संपत होती. आमचं घर बाबांच्या नावावर. आणि धाकट्यानं, म्हणजे माझ्या भावानं, बायकोला सांगून ठेवलं होतं की बाबांचा विचार चाललाय, तू मध्ये बोलू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल.

ती बोलली नाही. आईही नाही. बाबांशी नक्की कोण बोललं, कधी बोललं, हे विचारावं असं माझ्या मनात एकदोनदा आलं. पण विचारलं की उत्तर येतं. मी मशीनला तेल घालत बसले.

आणि तो रविवार उजाडला.

रविवारी दुपारी आमच्याकडे वाद होतो. बाबा शाळेत शिक्षक होते, मुलांकडून वादविवादाची तयारी करून घ्यायचे. निवृत्त झाले तेव्हा शाळा सुटली, ही सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. जेवणं झाली की टेबल पुसायचं. खिडकीकडे पाठ असेल त्यानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, भिंतीकडे पाठ असेल त्यानं विरोधात. तुम्हाला मनातून काय वाटतं याला किंमत शून्य. बाबा अध्यक्ष, त्यांच्यापुढे घंटी. हरणाऱ्या बाजूनं भांडी घासायची. आई यात नसते. मी लग्न झाल्यापासून विरोधी पक्षातच आहे, मला वेगळी खुर्ची कशाला, असं ती म्हणते.

बाबांनी पाटीवर खडूनं विषय लिहून ठेवला होता: संकटात सापडलेल्या परक्या देशांना आपला देश पुरेसं देतो.

मामानं पाटी वाचली आणि आज पोट जरा जड वाटतंय म्हणाला. मामा म्हणजे आईचा भाऊ. सारं आयुष्य विमा कंपनीत काढलेलं, रविवारी जेवायला आमच्याकडेच. आईनं दबक्या आवाजात बाबांना विचारलं की दुसरा विषय मिळाला नाही का. बाबा गोंधळले. अगं, आठवडाभर सगळीकडे हेच चाललंय, म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. बाबांच्या लेखी वर्तमानपत्र हे एक खातं आणि घर हे दुसरं, आणि या खात्याचा कागद त्या खात्यात जात नाही.

मी म्हटलं, आज जागा बदलू या, मला खिडकीकडे बसू दे. पण भावजय नेहमीच्या जागी बसली होती, पाठीवर ऊन घेऊन.

“राहू दे, ताई,” ती म्हणाली. “मी बाजूनं बोलायचं ना, बाबा? बोलते मी.”

तिच्या शेजारी मामा. समोर भिंतीकडे धाकटा आणि मी. म्हणजे आपल्या देशानं पुरेसं केलं असं ती सांगणार, आणि पुरेसं केलं नाही असं तिचा नवरा. धाकटा खुर्चीचा कोपरा नखानं खरवडत होता.

मामानं सुरुवात केली. आपली विमानं सगळ्यांच्या आधी पोचली, आपले डॉक्टर, आपली ब्लँकेटं, आपलं पाणी. भूकंप काही आपण केला नाही, म्हणजे भरपाई आपल्यावर बंधनकारक नाही, आणि बंधन नसताना देतो तो उदारच. विम्यात असं कुणी देत नाही, हे मी खात्रीनं सांगतो, म्हणाला. एरवी आम्ही हसलो असतो.

मग धाकटा उठला. लहानपणी त्यानं या टेबलावर बोलून बोलून शाळेची बक्षिसं आणलेली. आधी चाचरला, पण बोलण्याची सवय म्हणजे सायकल, एकदा पाय मारला की चालू लागते. विमानातून ब्लँकेटं टाकणं सोपं असतं, तो म्हणाला. देणं कशाला म्हणायचं? दिल्यामुळे आपलं काहीच हललं नाही, आपण झोपतो तसेच झोपलो, जेवतो तसेच जेवलो, तर ते देणं नव्हे, ती अडगळ काढणं झालं. दार उघडून आपल्याच घरात जरा सरकून बसावं लागतं, तेव्हा कुठे...

तिथे त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला असावा. “एवढंच,” म्हणून तो खाली बसला.

बाबा खूष. मुद्दा भक्कम होता, शेवट गुंडाळलास, म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून बसले. बाबांनी माझ्या नावापुढे ‘तयारी नाही’ असं लिहिलं, आणि ते अगदी बरोबर होतं.

भावजय उठली. आपली भाषा ती इथे येऊन शिकली. वाद घालायलाही इथेच शिकली, बाबांकडून. आवाज चढवायचा नाही, हातवारे करायचे नाहीत, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर सावकाश जायचं.

“आपला देश बाहेरून मोठा दिसतो,” ती म्हणाली. “पण आत जागा कुठे आहे? कोपऱ्याकोपऱ्यात काही ना काही ठेवलेलं आहे आणि ते रोज लागतं. ते उचलून कुणाच्या डोक्यावर ठेवायचं?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“आणि माणसं एकदा आली की आली. दोन महिने म्हणतात, मग त्यांचं दुखणं निघतं, मग त्यांना कोण परत पाठवणार? आपण भिडेची माणसं.”

मामानं टेबलावरचा एक कण बोटानं उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. हे वाक्य तो गेल्या रविवारी फाटकाशी आईला म्हणाला होता. भिडेची माणसं, हे शब्दसुद्धा त्याचेच.

“आणि त्यांच्याही बाजूनं विचार करायला हवा,” ती म्हणाली. “त्यांना इथली भाषा येत नाही. दिवसभर बोलतील कुणाशी? या वयात मूळ उपटून दुसरीकडे लावलं तर माणूस सुकतं. आपल्या माणसांत, कशीही का असेनात, तिथेच बरी. यात त्यांचंच भलं आहे.”

हे माझं. परवा मी धाकट्याला म्हटलं होतं, पँटची दुमड धरताना, तोंडात टाचण्या असताना. तोंडात टाचण्या असल्या की बोलणं लांब जात नाही, अशी माझी समजूत होती. मला वर बघवेना. मी तिच्या ब्लाउजच्या बाहीची शिवण बघत राहिले. ती मीच घातलेली होती.

“शेवटचा मुद्दा. नाही असं कुणी म्हटलंय का? कुणीच नाही. आपल्याकडे विचार चाललाय. आणि ज्यांचा विचार चाललाय, त्यांना निष्ठुर म्हणणं अन्यायाचं आहे.”

ती बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांची पेन्सिल मघाशीच थांबली होती. वर्गात मागच्या बाकावर काहीतरी घडलंय आणि आपण फळ्याकडे तोंड करून लिहीत होतो, हे मास्तरांना उशिरा उमगावं, तसे ते एकेकाकडे बघत होते. घंटी वाजवायची राहूनच गेली.

“बाबा, शेवटी अध्यक्षांना एक प्रश्न विचारता येतो ना?”

“येतो.”

“तुमचा विचार कुठवर आलाय?”

“कसला विचार?” बाबा म्हणाले.

आई दारात आली होती, हातातून पाणी निथळत होतं. अहो, विसरला असाल तुम्ही, म्हणाली, जेवताना विषय काढला असेल त्यानं, तुमचं लक्ष कुठे असतं. मामा म्हणाला, चहा टाकू या का. मी पाटी पुसायला घेतली. आम्हा तिघांना एकदमच काहीतरी कामं सुचली होती.

“सूनबाई, विहीणबाईंबद्दल बोलतेस तू?” बाबांनी विचारलं. “त्यांना इकडे आणण्याबद्दल?”

तिनं मान हलवली.

“मला कुणी काही विचारलंच नाही.”

ती बाबांकडे बघतच नव्हती. टेबलापलीकडे नवऱ्याकडे बघत होती. धाकटा म्हणाला की आज विचारणारच होतो, सकाळपासून संधी शोधत होतो. मग म्हणाला, कचेरीत गर्दी फार असते, शिवाय बाबांचा गुडघा. त्याचं बोलणं एकेका शब्दानं बारीक होत गेलं आणि संपलं.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग आता विचार,” ते म्हणाले. “मी इथेच बसलोय.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. एका वाक्याचं काम होतं. तेही काही लांबलचक नव्हतं. धाकट्यानं ओठ उघडले. मिटले. मानेवरचा घाम टिपला.

“विचार की रे,” आई म्हणाली. “तोंड शिवलंय का तुझं?” ती खरंच विनवत होती त्याला.

“विचारलं तर तुम्ही हो म्हणाल,” धाकटा म्हणाला.

“हो म्हणेन. उद्या सकाळीच जाऊन सांगून येईन.”

धाकट्यानं मान डोलावली, हे ठाऊक असल्यासारखी. मग त्यानं पहिल्यांदा बायकोच्या डोळ्यांत पाहिलं.

“म्हणूनच नाही विचारलं,” तो म्हणाला. “बाबांचं नाव मी उगाच पुढे केलं. तुझी आई इथे यायला मलाच नको आहे.”